दुसऱ्या बशीचं काय झालं?

अमुक वनस्पतीच्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी मेल्या, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बहुतेकदा ती खोटी नसते. पण काचेच्या बशीत पेशी मारणं मुळीच अवघड नाही. फिनेलनंही त्या मरतील. १९८३ मध्ये मोसमान यांनी मांडलेली एमटीटी चाचणी आता सगळीकडे होते. जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचं जांभळं करतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. रंग किती गडद झाला त्यावरून किती वाचल्या ते कळतं. मला मात्र दर वेळी शेजारच्या बशीची चौकशी करावीशी वाटते. तीत निरोगी पेशी होत्या का? असल्या, तर त्यांचं काय झालं?

इंदूरहून खंडवा रस्त्यानं निघालं की सिमरोलला आयआयटी लागते. तिथले अविनाश सोनवणे आणि त्यांचे सहकारी खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेतल्या संशोधकांसोबत ज्या औषधावर काम करत आले आहेत, त्याचं सारं मर्म या दुसऱ्या बशीत आहे. औषधाचं नाव ॲस्पॅराजिनेज; ते एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचा माग १९५३ मध्ये लागला: जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगच्या रक्तद्रवानं उंदरांमधल्या लसिका-कर्करोगाच्या गाठी विरघळतात. त्यामागे हे विकर आहे, हे पुढे ब्रूम यांनी १९६१ मध्ये दाखवलं. ते पेशीला हातही लावत नाही. रक्तातलं ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल तेवढं तोडून टाकतं. निरोगी पेशी ते घरच्या घरी बनवतात. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगाच्या पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही, आणि त्या उपाशी मरतात.

इतका नेमका फरक सापडूनही काम संपत नाही. हेच विकर थोडंफार ग्लुटामिनही तोडतं, आणि ते तर निरोगी पेशींनाही लागतं. शिवाय औषध जिवाणूंपासून मिळवलेलं. शरीर त्याला परकं ठरवून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, कधी तीव्र ॲलर्जी होते. म्हणून विकराची रचना बदलून त्याचा उपद्रव कमी करायचा, असा इंदूरच्या गटाचा प्रयत्न आहे. बशीत प्रतिकारशक्ती नसते. त्यामुळे दुसरी बशीही पुरत नाही.

मग मारण्याचं काम प्रतिकारपेशींवरच सोपवलं तर? मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटानं टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर तेच केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या उपचाराला भारतात मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांना कर्करोगाच्या पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. खूण पटली की टी पेशी समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडते आणि तिला आतून संपवणारी विकरं त्यातून आत सोडते. ही खूण निरोगी बी पेशींवरही असते. त्याही जातात. उपचार तरीही चालतो, कारण बी पेशींवाचून माणूस काही काळ जगू शकतो. त्या बनवतात ती प्रतिपिंडं बाहेरून देता येतात.

म्हणजे फरक पूर्ण सापडला नाही तरी चालतं, पण चुकून जे मरेल त्याच्यावाचून शरीराला राहता आलं पाहिजे. फुफ्फुसाच्या किंवा आतड्याच्या गाठींपाशी हीच अडचण येते. त्यांच्यावरच्या बऱ्याच खुणा निरोगी अवयवांवरही थोड्याफार असतात, आणि फुफ्फुस गेलं तर ते प्रतिपिंडांसारखं बाहेरून देता येत नाही.