स्वधर्म आणि नकाराचा हक्क

आयुष्याचे प्रयोजन कसे ओळखावे, या प्रश्नाचे उत्तर मराठी धर्मविचाराने बहुधा ‘स्वधर्म’ या संकल्पनेच्या आधारे दिले आहे. स्वधर्म म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेले आणि ज्याचे त्यानेच पार पाडायचे असे मानले गेलेले कर्तव्य. दुसऱ्याचे कर्तव्य उत्तम रीतीने करण्यापेक्षा आपले कर्तव्य उणेपुरे का होईना, पण स्वतः करणे अधिक श्रेयस्कर, असे भगवद्गीता तिसऱ्या आणि अठराव्या अशा दोन्ही अध्यायांत सांगते. हा उपदेश मनाला पटतो खरा, परंतु ‘आपले’ कर्तव्य कोणते हे ठरवायचे कोणी, असे विचारताच तो अवघड होऊन बसतो. अठराव्या अध्यायातील हा श्लोक चार वर्णांची कर्मे वाटून देणाऱ्या श्लोकांच्या पाठोपाठ येतो, आणि म्हणून स्वधर्माचा अर्थ केवळ ‘मनाची ओढ’ असा लावणारे आजचे वाचन सोयीचे असले, तरी मूळ ग्रंथाशी प्रामाणिक म्हणता येत नाही.

मराठी भाष्यकारांनी ही अडचण आपापल्या परीने हाताळली. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत स्वकर्माचे आचरण हीच ईश्वराची पूजा ठरते आणि भर कर्माच्या प्रतिष्ठेवरून ते करणाऱ्याच्या भावाकडे वळतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रह, म्हणजे समाजाची घडी विस्कटू न देता तो चालता ठेवणे, हे कर्माचे प्रयोजन मानले आहे. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीताप्रवचनांत स्वधर्म शोधावा लागत नाही, तो माणसाला सहजपणे प्राप्त झालेला असतो, अशी भूमिका आहे. आधुनिक मराठी गीताचिंतनाचा एवढा मोठा भाग कोठडीत घडावा, हा निव्वळ योगायोग नसावा. ज्याचे बाहेरचे सारे पर्याय काढून घेतलेले असतात, त्याला उरलेल्या कर्तव्याकडे अधिक निरखून पाहणे भागच पडते.

‘सहज प्राप्त’ म्हणजे व्यवहारात काय, हे कोकणातील कुडाळच्या परिसरात स्पष्ट दिसते, कारण तेथे स्वधर्माला गावऱ्हाटीचे, म्हणजे ग्रामदेवतेभोवती उभारलेल्या गावव्यवस्थेचे, ठोस रूप मिळाले होते. या व्यवस्थेत देवळातील सेवेचा मान आणि गावातील काम ही दोन्ही कुळाकुळांना पिढीजात वाटून दिलेली असत. तरंग, म्हणजे देवतेचे प्रतीक असलेला खांब, कोणी धरायचे, वाद्य कोणी वाजवायचे, देवापुढे गाऱ्हाणे कोणी घालायचे, हे ज्याच्या त्याच्या घराण्यावरून ठरे. कुडाळलगतच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाकडे चित्रकथी आली. सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांची पोथी मांडून, एकेक चित्र दाखवत, रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगण्याची ही कला सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने आणि नवरात्रातील देवळांच्या सेवेने टिकली. जन्मालाच प्रयोजन जोडलेले असल्याने ते शोधण्याची वणवण ठाकरांच्या मुलाला करावी लागत नसे, आणि आजच्या अस्वस्थ वाचकाला याचा हेवा वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु ज्या व्यवस्थेने एका घराकडे पोथी दिली, त्याच व्यवस्थेने दुसऱ्या घराकडे मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम दिले, आणि तेही तितकेच ‘सहज प्राप्त’ ठरवले. जातिव्यवस्था ही कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या 1936 च्या ग्रंथात दाखवून दिले; त्यानंतर स्वधर्माचे कोणतेही विवेचन हा आक्षेप ओलांडून पुढे जाऊ शकत नाही.

वंशाने ठरलेल्या वाटेखेरीज दुसरी एक वाट धर्मपरंपरेतच होती, ती आज्ञेची. कुडाळ तालुक्यातील माणगाव येथे 1854 मध्ये जन्मलेल्या वासुदेवानंद सरस्वतींनी, म्हणजेच टेंबे स्वामींनी, गाव सोडणे असो वा पत्नीच्या निधनानंतर संन्यास घेणे असो, आयुष्याची वळणे दत्तप्रभूंच्या आदेशाने घेतली, असे त्यांचे भक्त मानतात. श्रद्धावंताला हे उत्तर पूर्ण वाटते. ज्याला असा आदेश ऐकू येत नाही, त्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

खरा पेच उभा केला तो सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अप्पासाहेबांनी (1894–1971) ब्राह्मण कुळात जन्मूनही मैला साफ करण्याचे आणि मृत जनावरांचे कातडे काढून कमावण्याचे काम अंगीकारले. वर्णधर्माच्या अक्षरशः अर्थाने हा उघड परधर्म होता आणि गीतेने परधर्म भयावह म्हटला आहे. 1932 मध्ये, म्हणजे धुळ्यात विनोबा स्वधर्माचे विवरण करीत होते त्याच वर्षी, रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेबांनी आपल्याला भंगीकाम द्यावे अशी मागणी केली. तथाकथित उच्चवर्णीय कैद्याला ते काम देण्यास तुरुंगाने नकार दिला, तेव्हा त्यांनी निषेध म्हणून आपला आहार कमी केला. येरवड्यात बंदिवान असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरच्या आरंभी उपोषण सुरू केले आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते सोडले. जात न पाहण्याचा दावा करणाऱ्या परक्या सरकारचा तुरुंगसुद्धा वर्णव्यवस्था इतक्या चोखपणे पाळत होता, हेही या प्रसंगातून उघडे पडले.

या कृतीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळणे योग्य नाही. ज्याला हे काम सोडण्याची मुभा आहे, त्याने ते स्वीकारणे हे व्रत ठरते. ज्याला ती मुभाच नाही, त्याच्यासाठी तेच काम शिक्षा असते, आणि पहिल्याच्या व्रताचे गोडवे गाऊन दुसऱ्याच्या शिक्षेला पावित्र्य चढवणे ही फसवणूक आहे. अप्पासाहेब या आक्षेपातून बऱ्याच अंशी सुटतात, ते त्यांनी केलेल्या त्यागामुळे नव्हे, तर त्या कामाचे त्यांनी पुढे जे केले त्यामुळे. 1948 मध्ये कणकवली येथे स्थापन केलेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे आणि चर्मोद्योगाचे प्रयोग केले. मैला माणसाच्या डोक्यावरून वाहावा लागू नये आणि कातडे कमावणे हा कोणालाही करता येण्याजोगा उद्योग व्हावा, अशी त्यामागची दिशा होती. सदोष असले तरी सहज कर्म टाकू नये, कारण अग्नीला जसा धूर तसा प्रत्येक आरंभाला दोष चिकटलेला असतो, असे अठरावा अध्याय म्हणतो. अप्पासाहेबांनी कर्म टाकले नाही, पण दोष सोसण्याऐवजी तो काढण्याचे काम हाती घेतले, आणि गीतेच्या या श्लोकावरचे हे एक अलिखित भाष्यच मानावे लागेल.

या दृष्टीने पाहिल्यास पिंगुळीची चित्रकथीसुद्धा वेगळी दिसू लागते. संस्थाने विलीन झाली, राजाश्रय संपला, आणि ठाकरांच्या मुलांना मुंबईची किंवा गोव्याची नोकरी धरणे शक्य झाले, तेव्हाच ती कला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने त्यांची झाली, कारण आता ती नाकारता येत होती. परशुराम गंगावणे यांनी ती नाकारली नाही. घरच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या यांचे संग्रहालय उभे केले आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक माणूस वारसा धरून राहिला आणि दुसऱ्याने, म्हणजे अप्पासाहेबांनी, वारसा ओलांडला. दोघांचेही काम स्वधर्म या पदवीला पोचते, कारण दोघांपाशी नकाराचा हक्क होता आणि तो असूनही दोघांनी ते आयुष्यभर निभावले. विनोबांचे म्हणणे येथे थोडे दुरुस्त करून घ्यावे लागते: काम सहज प्राप्त होत असेल, पण त्यावरचा स्वामित्वभाव मात्र तसा प्राप्त होत नाही, तो नकार शक्य असताना दिलेल्या होकारातून येतो.

असा होकार देण्याची संधी सर्वांना सारखी मिळत नाही, ही या विचाराची न सुटलेली बाजू आहे. गावऱ्हाटीच्या मानांत पुरुषांची नावे असत आणि त्या मानाच्या दिवसाचा स्वयंपाक घरातल्या बायांकडे असे. त्यांना त्यांचे प्रयोजन कोणी विचारल्याची नोंद ना भाष्यात सापडते, ना मानकऱ्यांच्या याद्यांत, आणि स्वधर्मावरच्या पुढच्या ग्रंथाला आरंभ करायचा असेल, तर तो तेथूनच करावा लागेल.