टाका कुणाचा?

आमच्या शाळेच्या गणवेशावर खिशापाशी एक बिल्ला असतो. उघडलेले पुस्तक, त्यावर आडवी कलम आणि खाली उर्दूत शाळेचे नाव. बारा-तेरा वर्षे हे बिल्ले मोहोपाड्याकडच्या एक खाला भरून देत असत. निळ्या कापडाच्या तुकड्यांच्या कडा पायाच्या मशीनवर दुमडून घ्यायच्या, मग तुकडा रिंगेत ताणून भरीव टाक्याने पुस्तक आणि साखळी टाक्याने अक्षरे भरायची, असे ते काम. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गणवेशाचा हिशेब आमच्याकडे आला. आम्ही गणित शिकवतो, त्यामुळे असले हिशेब आमच्याच गळ्यात पडतात.

खालांचा दर नगाला २५ रुपये. पनवेलच्या एका गाळ्यात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे मशीन आहे, तिथला दर ९ रुपये. नक्षी मशीनला कळेल अशी करून देण्याचे, म्हणजे त्या धंद्याच्या भाषेत पंचिंगचे, एकदाच ५०० रुपये. मुले १८०. म्हणजे ४५०० रुपयांच्या जागी २१२०. शिक्षकांच्या बैठकीत यावर दोन मिनिटेसुद्धा चर्चा झाली नाही. आमचे पालक म्हणजे पाताळगंगेच्या कारखान्यांत ठेक्यावर जाणारे, रिक्षावाले, फेरीवाले. त्यांच्या खिशातले चार पैसे वाचत असतील तर त्यात गैर ते काय? आम्हीही हात वर केला, आणि नमुना म्हणून कपाटातला एक जुना बिल्ला गाळ्यावर पाठवून दिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खाला नेहमीप्रमाणे कापड न्यायला आल्या. आम्ही चाचरत खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “बेटा, टाका कुठे चुकला तेवढे सांगा. सुधारून देते.”

टाका कुठेच चुकला नव्हता. चुकला असता तर आम्हाला उत्तर देणे सोपे गेले असते. चुकीबद्दल काम जाते तेव्हा त्यात निदान एक हिशेब असतो. मुलांना आम्ही रोज तोच शिकवतो, की गणित चुकले तर गुण कमी. पण ज्याचे गणित बरोबर आहे त्याचे गुण कापले तर त्याला काय सांगायचे? चूक नसताना ज्याचे काम जाते, त्याचे कुणी काही देणे लागतो का? लागत असेल तर कोण? यंत्र बनवणारा, यंत्राचा मालक, सरकार, की ज्याचे पैसे वाचले तो?

बिल्ले आणायला आम्ही स्वतः गेलो. ते मशीन पाहण्याची उत्सुकता होती हेही कबूल करतो. सहा हेडचे मशीन होते, आणि प्रत्येक हेडवर १५ सुया ओळीने. आमची समजूत अशी की पंधराच्या पंधरा सुया एकदम चालत असतील. तसे नसते. एका हेडची एका वेळी एकच सुई शिवते, बाकीच्या चौदा आपापल्या रंगाचा धागा ओवून थांबलेल्या असतात. रंग बदलायचा झाला की हेड बाजूला सरकते आणि हवी ती सुई खालच्या हुकावर येऊन उभी राहते. सुया पंधरा, हुक मात्र एकच. सुई कापडातून खाली जाते, किंचित वर येताना धाग्याचा फासा तयार होतो, फिरत्या हुकाचे टोक तो फासा पकडून बॉबिनभोवती फिरवून आणते आणि वरचा धागा खालच्यात अडकतो. एका टाक्यासाठी हुक दोनदा फिरतो. असे मिनिटाला आठशे-हजार टाके. हाताच्या भरतकामात कापड स्थिर असते आणि सुई फिरते. इथे सुई आपल्या जागी वरखाली होते आणि फ्रेमसकट कापडच मागेपुढे, डावी-उजवीकडे धावत असते. धागा तुटला की मशीन आपोआप थांबते आणि माणसाची वाट पाहते.

तो माणूस म्हणजे पंचविशीचा एक मुलगा, मूळचा बरेलीकडचा. लहानपणी वडिलांबरोबर जरदोजीच्या कारचोबवर बसत असे. हातकाम सोडल्याचे वाईट वाटते का, असे आम्ही विचारले. तो हसला. म्हणाला, अब्बांचे डोळे चाळिशीतच गेले, माझे डोळे शाबूत आहेत. बारा तास उभे राहून पाय भरून येतात आणि आवाजाने कान गुंगतात, तेवढेच. मशीन त्याच्या मालकीचे नाही हे सांगायला नकोच.

त्याच्या उत्तराने आमचा अपराधभाव थोडा कमी झाला, हे खरे. आणखी एक गोष्ट आठवली. २००५ साली मुंबईत जरीच्या एका कारखान्यातल्या मुलाच्या मृत्यूनंतर धाडी पडल्या होत्या. गोवंडी, मदनपुरा भागांतल्या कोंदट खोल्यांतून आठ-दहा वर्षांची मुले बाहेर काढली गेली आणि हजारोंच्या संख्येने बिहारला परत धाडली गेली. कारागिरी म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्या नाजूक टाक्यांमागे कितीतरी वेळा अशी कोवळी बोटे होती. शिक्षकाने तरी हातकामाच्या आठवणीने उगाच गळा काढू नये. पण याचे श्रेय मशीनला द्यावे तर तेही जमत नाही. मुलांची बोटे वाचावीत म्हणून कुणी लाखो रुपयांचे मशीन आणलेले नाही. नग स्वस्त पडतो म्हणून आणले. त्यातून कुणाचे डोळे वाचले असतील तर उत्तमच, मात्र तो हेतू नव्हता. आणि त्यातूनच कुणाची चूल थंडावली असेल तर तोही हेतू नव्हता. हेतू नव्हता म्हणून चांगल्याचे श्रेय जर मिळत नसेल, तर वाइटाची जबाबदारी तरी हेतू नव्हता एवढ्यावर कशी सुटावी?

हा पेच नवा नाही. फ्रान्समधल्या थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवायला सुमारे ८० यंत्रे लावली. १८३१ साली तिथल्या शिंप्यांनी आत घुसून ती फोडून टाकली. अमेरिकेत वॉल्टर हंट याने त्याच दशकात टोकाशी भोक असलेल्या सुईचे आणि दोन धाग्यांच्या टाक्याचे यंत्र बनवले, पण पेटंट घेतले नाही. असे सांगतात की, शिवणाऱ्या गरीब बायकांचे काम जाईल म्हणून त्याच्या मुलीनेच त्याला अडवले. (पुढे १८४९ साली सेफ्टी पिन काढणारा हंट तो हाच.) या मुलीविषयी आम्हाला फार आदर वाटतो. पण तिच्या नकाराने काय थांबले? १८४६ साली एलियस होव याने पेटंट घेतले, १८५१ साली सिंगरने घेतले, आणि त्याच वर्षी विल्सन नावाच्या गृहस्थाने फिरत्या हुकाचे. पनवेलच्या गाळ्यात फिरतो तो हुक त्याच कुळातला. थिमोनिएची यंत्रे फोडणाऱ्यांनाही यश आले नाही आणि यंत्र लपवणाऱ्या हंटलाही नाही.

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता हे आपण शाळेपासून ऐकतो. पण १९२४ साली एका तरुणाने त्यांना खोदून विचारले तेव्हा त्यांनी एक अपवाद सांगितला, आणि तो नेमका सिंगरच्या शिवणयंत्राचा होता. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते यंत्र केले, त्यामागे प्रेम आहे, अशी त्यांची मांडणी. सिंगरचे खरे चरित्र या प्रेमकथेशी मुळीच जुळत नाही, पण ते बाजूला ठेवू. गांधीजींनी लावलेली कसोटी महत्त्वाची आहे: यंत्र माणसाचे श्रम हलके करते, की माणसालाच हलवून टाकते? त्या तरुणाने पुढे विचारले, मग ही शिवणयंत्रे बनवायला कारखाना लागेलच ना? त्यावर, असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत, असे त्यांचे उत्तर होते.

ही कसोटी आम्ही खालांच्या पायाच्या मशीनला लावून पाहिली. ते मशीन त्यांच्या मालकीचे, त्यांच्या घरात, त्या थांबल्या की थांबणारे. पंधरा सुयांचे मशीन त्यांना या जन्मात घेता येणार नाही. फरक स्पष्ट आहे असे वाटले. पण खालांनीच एकदा सांगितलेले आठवले, की त्यांच्या दादीच्या काळी गोधड्या, कुडते सगळे हातशिलाईचे असत आणि गावात मशीन आल्यावर दादीकडे कुणी येईना. म्हणजे खालांचे मशीन त्या वेळचे पंधरा सुयांचेच होते. आपल्या आधी आलेले यंत्र आपल्याला यंत्र वाटतच नाही, अवजार वाटते. रेघ प्रत्येक जण ओढतो आणि ती नेमकी आपल्या पाठीमागे ओढतो.

रसायनीत राहणाऱ्याला तर या बाबतीत फार शहाणपण सांगता येत नाही. आमच्या गावाचे नावच रसायनांवरून आलेले. पाताळगंगेला १९८२ पासून पॉलिएस्टरचा धागा निघू लागला, आणि मशीनच्या भरतकामाला असलाच न तुटणारा धागा लागतो. गाळ्यातला धागा इथलाच होता असा आमचा दावा नाही. एवढेच की सुती धाग्याची जागा घेणाऱ्या धाग्यावर इथली कितीतरी घरे उभी राहिली आहेत. आणि १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स. तिच्या भोवती वसाहत, शाळा, बाजार सगळे वाढले. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा कारखाना बंद करायचे ठरवले. रॉकेटच्या इंधनासाठी लागणाऱ्या रसायनाचा एक विभाग तेवढा इस्रोकडे देण्याचे ठरले. तिथल्या कामगारांचीही काही चूक नव्हती. पण त्यांच्यासाठी फाईल होती. थकलेली देणी, स्वेच्छानिवृत्ती, यांची तरतूद त्याच निर्णयात करावी लागली. ती पुरेशी होती की नाही यावर इथल्या चहाच्या टपरीवर अजून वाद होतो. तरी एक तत्त्व त्यात मान्य झालेच, की चूक नसताना काम गेले तर देणे लागते.

खाला मात्र कुठल्याच मस्टरवर नव्हत्या. त्यांच्या पंचवीस रुपयांची पावतीसुद्धा शाळेकडे नाही. मस्टर नसले म्हणजे देणे नसते, असे कायदा म्हणू शकतो. आपण म्हणावे का?

आम्ही कदाचित इथेच थांबलो असतो. सगळी उदाहरणे देऊन झाली, दोन्ही बाजू पाहून झाल्या, असे म्हणून शिक्षकाला वही मिटता येते. पण जुलैत एक गोष्ट घडली. सकाळच्या प्रार्थनेला मुले रांगेत उभी होती आणि आम्ही गणवेश तपासत होतो. उर्दूत स्कूल हा शब्द अलिफने सुरू होतो. पहिल्या मुलाच्या बिल्ल्यावर तो अलिफ किंचित डावीकडे झुकलेला दिसला. दुसऱ्याच्याही. रांगेच्या शेवटपर्यंत गेलो. १८० अलिफ, सगळे सारखेच झुकलेले.

मशीन अलिफ झुकवत नाही. तो खालांचा हात होता. आम्ही नमुना म्हणून दिलेला बिल्ला पंचिंग करणाऱ्याने स्कॅन केला आणि त्यावरून टाक्याला टाका ठेवत फाईल बनवली. पुस्तकाची पाने किती दाट भरायची, कलमेची निब कुठे निमुळती करायची, हे सगळे त्या बाईंनी बारा वर्षांत एकेका बिल्ल्यागणिक ठरवलेले होते. आम्ही समजत होतो की मशीनने त्यांचे काम घेतले. खरे तर त्यांचे काम संपलेच नव्हते. त्या अजून शिवत होत्या, फक्त मजुरी थांबली होती. पंचिंगवाल्याला ५०० मिळाले, गाळ्याला १६२०, आणि टाका जिचा तिला शून्य.

मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, हे आम्ही पाचवीच्या मुलांकडून पाठ करून घेतो. ज्याचा घाम कधीच सुकला आणि तरीही ज्याचा हात कामावर आहे, त्याच्या मजुरीचा विचार आम्ही कधी केला नव्हता. हंटच्या मुलीसारखे यंत्र नाकारणे आमच्या हातात नाही, आणि आता ते आम्हाला बरोबरही वाटत नाही. बरेलीच्या त्या मुलाचे डोळे आठवतात. पण वाचलेले २३८० रुपये सगळेच्या सगळे आमचे होते, हे गणित आम्हाला पुन्हा मांडता येईना. बचत ही आकाशातून पडत नाही. ती कुणाच्या तरी ताटातून उचललेली असते, आणि उचलणारा गरीब असला म्हणून ते ताट भरत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही विषय काढला. एक सहकारी म्हणाले, “द्यायला हरकत नाही, पण नोंद कोणत्या सदराखाली करायची? दान?” दान नाही, असे आम्ही म्हणालो. बराच वेळ गेला. शेवटी ‘नमुना शुल्क’ असा शब्द निघाला आणि पंचिंगइतकेच, ५०० रुपये ठरले. यातही न्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. बारा वर्षांचा टाका पाचशेत. आणि पुढच्या वर्षी पुन्हा १८० बिल्ले त्याच फाईलवरून निघतील तेव्हा काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही, आम्हीही विचारला नाही.

पैसे द्यायला खालांच्या घरी गेलो. सोबत मशीनचा एक बिल्ला नेला होता. त्यांनी पैसे मोजून घेतले, कुरकुर केली नाही, आभारही मानले नाहीत. मग चष्मा लावून बिल्ला उजेडात धरला, अक्षरांवरून बोट फिरवले, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि अलिफपाशी थांबल्या.

“हा घाईतला दिसतो,” त्या म्हणाल्या. “त्या वर्षी सूनबाई दवाखान्यात होती. बाकीचे नंतर सरळ भरले होते. तुम्ही नेमका हा कसा दिलात? सरळ करून घ्या बेटा, मुले रोज बघतात.”

घरी परतताना आम्ही गाळ्यावर फोन केला. फाईलमध्ये दुरुस्ती होईल, पण तिचे पैसे वेगळे पडतील, असे तिकडून सांगण्यात आले.