चाकांचा नंदी आणि नागसेनाचा रथ

बैलाला चाकं नसतात. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्या-अमरावतीच्या गल्ल्यांतून जे बैल निघतात, ते चाकांवरच निघतात. तान्हा पोळा हा लेकरांचा पोळा. आदल्या दिवशी तोरणाखाली खरे बैल उभे राहतात, झडत्या होतात. दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजतात, पोट्टे ते दोरीनं ओढत घरोघर नेतात, बाया नंदीला ओवाळतात आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवतात. ही चाल नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याशी जोडली जाते आणि विदर्भाबाहेर फारशी दिसत नाही. त्या नंदीकडे जरा निरखून पाहिलं तर ध्यानात येतं, की त्याचं अंग बैलाचं आहे आणि चाल बंडीची. ओढणारा आणि ओढली जाणारी, दोघं एकाच लाकडात आली आहेत. ओवाळणाऱ्या बाईला त्यात काही खटकत नाही. ती बैलालाच ओवाळते.

या जोडकामाचं वय फार मोठं आहे. १९७४ साली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला जमीन खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक हात. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या पाटाखाली आस बसवायची सोय आहे, चाकं मात्र मिळाली नाहीत. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद आहे. ही खेळणी होती की पूजेच्या मिरवणुकीत ओढायच्या मूर्ती, याचाही निकाल लागलेला नाही. तान्हा पोळा पाहिलेल्या माणसाला मात्र हा दुसरा प्रश्न तितका अवघड वाटत नाही. खेळ आणि पूजा यांच्यामध्ये भिंत असलीच पाहिजे, असं त्यानं कधी अनुभवलेलं नसतं.

विसाव्या शतकात छोट्या गाड्यांची ही हौस प्लास्टिकमध्ये उतरली. खोक्यात पॉलिस्टायरीनच्या चौकटी, चौकटींना लटकलेले शे-सव्वाशे भाग. ते कटरनं सोडवायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, जोडायचे, रंगवायचे. अमेरिकेतल्या एएमटी कंपनीनं १९५८ पासून अशी किट काढली, की एकाच खोक्यातून तीनपैकी कुठलीही गाडी उभी करता यावी. कारखान्यातून निघाली तशी, मालकानं हौसेनं सजवलेली किंवा शर्यतीत उतरवलेली. पोरं तिथंच थांबली नाहीत. एका खोक्याची बॉडी, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची चाकं, असा मेळ त्यांनी घालायला सुरुवात केली. याला किटबॅशिंग म्हणतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या अवकाशयानांच्या अंगावर जे दाट यंत्रकाम दिसतं, तेसुद्धा रणगाड्यांच्या, विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या किटमधून उचलून चिकटवलेलं आहे.

वऱ्हाडातल्या पोट्ट्यांचं किट वावरात उभं असे. ज्वारीचा वाळलेला धांडा घ्यायचा, वरची साल सोलून कामट्या काढायच्या, आतला पांढरा गाभा बोटभर तुकड्यांत कापायचा आणि कामट्या गाभ्यात टोचत जायचं. ना डिंक, ना खिळा. तासाभरात जू, दांड्या आणि साटा असलेली बंडी तयार. पुढं रबरी स्लिपर आल्या तशी झिजलेल्या तळव्यातून कापलेली गोल चाकं आली, सायकलच्या तुटक्या आऱ्याचा आस झाला, औषधाच्या बाटलीचं झाकण दिवा झालं. किटबॅशिंग हा शब्द इथं नव्हता, पण काम तेच होतं. एका कामासाठी जन्मलेला तुकडा उचलायचा आणि त्याला दुसऱ्या कामाला लावायचं.

अशी गाडी तयार झाली की तिच्याविषयी एक प्रश्न उरतो. ही कोणती गाडी?

हाच प्रश्न इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या एका यवन राजापुढं येतो. मिनँडर, पाली ग्रंथांतला मिलिंद, त्याची राजधानी सागल. भिक्खू नागसेन त्याला सांगतो, की लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ते नुसतं नाव आहे, त्या नावामागं वेगळा कुणी बसलेला नाही. राजाला ते पटत नाही. केस म्हणजे नागसेन का, नखं म्हणजे नागसेन का, अशी तो सरबत्ती करतो. तेव्हा नागसेन राजा कशातून आला ते विचारतो आणि त्याच्या रथालाच हात घालतो. वऱ्हाडी माणसाला हा संवाद बंडीवर बसवून घेता येईल. तुंबा म्हणजे बंडी का? नाही. आरे? पुठ्ठे? त्यावर चढवलेली लोखंडी धाव? नाही. आस, जू, साटा? नाही. हे सगळं काढून ठेवलं तर मागं बंडी उरते का? तेही नाही. राजा गप्प होतो आणि मग स्वतःच कबूल करतो, की या सगळ्या भागांच्या आधारानं ‘रथ’ हे नाव चालतं. हेच माझ्याविषयी खरं आहे, असं नागसेन म्हणतो.

लोक या गोष्टीतला नकार लक्षात ठेवतात आणि कबुली विसरतात. नागसेनानं रथ नाहीच असं म्हटलेलं नाही. राजा त्यातूनच आला होता.

आपल्याकडं दुसराही एक रथ आहे. कठोपनिषदातला. तिथं शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि आत बसलेला रथी म्हणजे आत्मा. या रथाच्या सुट्या भागांची मोजणी करून काही साधत नाही, कारण त्याला अर्थ येतो तो आत बसलेल्यामुळं. वऱ्हाडच्या मनात हाच रथ अधिक खोल रुतला आहे. वर्धा नदीच्या काठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनाला ती आली आणि तिथून कृष्णानं तिला रथात घेतलं, ही कथा इथं प्रत्येक घरात सांगितली जाते. तो रथ कोणत्या लाकडाचा होता हे कुणी विचारत नाही. कोण चढलं, एवढंच महत्त्वाचं.

दोन रथांत फरक मोठा आहे. एकाच्या मते गाडीत कुणीतरी बसलेला आहे, दुसऱ्याच्या मते बसणारा असा वेगळा कुणी नाही. पंडितांनी यावर शतकानुशतकं वाद घातला. टेबलावरच्या छोट्या गाडीपुरतं बोलायचं तर नागसेनाची बाजू जड वाटते. तिच्यात चालकाची जागा बहुधा रिकामीच असते, आणि तरीही ती एक गाडी असते, तुकड्यांचा ढीग नसते.

आधुनिक कायद्यानं या वादात आपला एक तोडगा काढला आहे. आरटीओच्या दप्तरी वाहनाची ओळख चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांवर ठरते, त्यावरून मग एमएच २७ म्हणजे अमरावती, एमएच ३० म्हणजे अकोला अशी पाटी लागते. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली स्पष्ट केलं. रस्त्यावर ते योग्यच आहे, तिथं माणसांचे जीव असतात. पण हा सोयीचा तोडगा आहे, तत्त्वाचं उत्तर नव्हे. एसटीचंच पाहा. चेसिस टाटा किंवा अशोक लेलँडची, आणि वरची बॉडी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा नाहीतर नागपूरच्या कार्यशाळेत बांधलेली. अलीकडच्या वर्षांत कितीतरी गाड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा जुना सांगाडा उतरवून त्याच चेसिसवर पोलादी सांगाडा चढवला गेला. पाटी तीच, खिडक्या वेगळ्या, आसनं वेगळी. कागद म्हणतो गाडी जुनी, प्रवासी म्हणतो नवी आली. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आणि शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि एक यवतमाळला जाणारी, अडीच फुटी रुळांवरची, दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटरची गाडी. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये तिला जोडलं गेलं आणि त्यानं सत्तर वर्षं ती ओढली. १५ एप्रिल १९९४ ला ते इंजिन काढलं, डिझेलचं लावलं. आवाज बदलला, वास बदलला, धूर बदलला. पण दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या फलाटावर कुणी म्हटलं नसेल, की आज शकुंतला आली नाही. ते नाव इंजिनात नव्हतं, डब्यांत नव्हतं, आता गाडी बंद आहे तरी ते गेलेलं नाही. जिचं नाव घेऊन गावोगावची माणसं वाट पाहत होती, तिला त्या वाट पाहण्यानंच एक केलं होतं. नागसेनाच्या कबुलीतली ‘आधारानं’ ही गोष्ट इथं हाताला लागते. भाग लागतातच, पण भागांना एक म्हणून हाक मारणारं, त्यांची एक म्हणून काळजी घेणारं कुणीतरीही लागतं.

तर मग कशालाही काहीही जोडावं का? नाही. हा खेळ जाणणाऱ्याला ते पहिल्याच गाडीत कळतं. मोटारींच्या किटमध्ये १/२४ आणि १/२५ ही दोन मापं जास्त चालतात. साडेचार मीटरची गाडी पहिल्या मापात १८७.५ मिलिमीटर भरते, दुसऱ्यात १८०. फरक पाऊण सेंटिमीटरचा, पण एका मापाची बॉडी दुसऱ्या मापाच्या चेसिसवर ठेवून पाहिली की चाकं कमानीखाली बसत नाहीत. मराठीत या मापाला प्रमाण म्हणतात. आणि खरं काय ते कशावरून ठरवायचं, त्या साधनालाही आपले नैयायिक प्रमाणच म्हणत आले. भाषेनं एकाच शब्दात ठेवलेलं हे शहाणपण फार मोलाचं आहे. तुकडा कुठून आला हे विचारायचं कारण नाही, तो प्रमाणात बसतो का, एवढं विचारावं.

सांध्याचंही तसंच. पॉलिस्टायरीनला लावायचं द्रावण डिंकासारखं दोन तुकड्यांच्या मधे बसून राहत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवतं, दोन्हींचं द्रव्य एकमेकांत शिरतं, द्रावण उडून जातं आणि सांधा एकजीव होतो. मात्र पृष्ठभागावर आधीचा रंग असेल तर द्रावण आत पोचत नाही, म्हणून जोडण्याआधी जुना रंग खरवडावा लागतो. दोन्ही बाजूंनी.

इथं हा विषय छंदापुरता राहत नाही. किटच्या खोक्यावर एक चित्र असतं. आतल्या भागांनी शेवटी काय व्हायचं, ते त्या चित्रानं आधीच ठरवलेलं असतं. आपल्या समाजानं माणसांना असेच खोके दिले आणि वरचं चित्र पिढ्यान्‌पिढ्या बदलू दिलं नाही. वस्तूच्या आत जन्मानं ठरलेलं, न बदलणारं असं काही बसलेलं नाही, हा नागसेनाचा विचार अशा देशात केवळ तर्क म्हणून ऐकता येत नाही. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला सुरू केलेलं महाविद्यालय मिलिंदाच्या नावानं ओळखलं जातं आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारून खोक्यावरचं चित्र नाकारलं. त्यांत वऱ्हाडची माणसं होती, आणि आज अकोल्या-अमरावतीत त्यांची तिसरी-चौथी पिढी नांदते आहे.

बौद्ध भिक्खूचं चीवरही जोडलेलंच असतं. परंपरा सांगते, की बुद्धानं आनंदाला मगधातली शेतं दाखवली, बांधांनी तुकडे पडलेली, आणि तशाच आखणीचं चीवर शिवायला सांगितलं. आधी कापड कापायचं, म्हणजे बाजारातली त्याची किंमत जाते, मग ते तुकडे शिवायचे. टाकलेल्या चिंध्यांतून शिवलेलं वस्त्र तर विशेष मानलं गेलं.

वऱ्हाडला चिंध्या म्हटलं की दुसरंच रूप डोळ्यांपुढं येतं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले डेबूजी जानोरकर. अंगात रंगीबेरंगी ठिगळांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक गाडगं. त्या गाडग्यावरून त्यांना नाव पडलं. जन्मानं दिलेलं नाव मागं पडलं आणि मातीच्या एका भांड्याचं नाव माणसाचं झालं, पुढं ते अमरावतीच्या विद्यापीठाचंही झालं. उपनिषदातला उद्दालक आपल्या पोराला समजावतो, की एक मातीचा गोळा कळला की मातीचं सगळं कळतं, बाकी नावांचे फरक. गाडगेबाबांनी तीच गोष्ट उलट बाजूनं दाखवली. फेकलेल्या वस्तूंचं नाव माणसाच्या कामानं मोठं होऊ शकतं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, गाडगेबाबा त्याच महिन्यात २० तारखेला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर.

पोळा सरला की लाकडी नंदी माळ्यावर जातो. वर्षभरानं खाली काढताना कधी एखादं चाक निघालेलं असतं, कधी शिंग. मग घरात शोधाशोध होते. प्लास्टिकच्या तुटक्या मोटारीचं चाक सापडतं, ते थोडं लहान पडतं, म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. शिंगाच्या जागी धांड्याचं टोक बसतं, वर बेगड. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी तो नंदी चार चाकांवर जरासा लंगडत दारात येतो, एक चाक लाल, तीन पिवळी. आतून कुंकवाचं ताट येतं. कुणी विचारलं, ‘हा नवा घेतला का रे?’ तर पोट्टं दोरी घट्ट धरून म्हणतं, ‘नाही ना, हा माहाच हाय, मांगच्या सालचा.’