कावडीतले पाणी

कीर्तन आटोपल्यावर एका माळकऱ्याने मला विचारले, "महाराज, आमच्या गावची मंडळी केदारनाथास निघाली आहेत. पण जिथे इतकी माणसे वाहून गेली, त्या वाटेने आपण पुण्य जोडायला जावे, हे मनाला पटत नाही. आपण काय म्हणता?" त्या वेळी घाईत दिलेले उत्तर मला अपुरे वाटले, म्हणून आज भाविकांच्या सेवेसी हे लिहितो.

आधी झाले काय, ते आठवू. २०१३ सालच्या जून महिन्यात, १६ आणि १७ तारखांस, केदारखंडात भयंकर पाऊस झाला. देवळाच्या वरच्या अंगाचा चोराबारी तलाव फुटला आणि मंदाकिनी दगडधोंडे घेऊन खाली आली. मागे येऊन थांबलेल्या एका प्रचंड शिळेने लोंढा दुभंगला, म्हणून देऊळ वाचले. वाटेवरची रामबाडा ही चट्टी मात्र समूळ गेली. त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यांत यात्रेकरू होते, तसे गुप्तकाशी-उखीमठ भागातले पुजारी, खेचरवाले, दुकानदारही होते. सुटीत चार पैसे मिळवायला वर गेलेली शाळकरी पोरेही होती.

आता पूर्वपक्ष असा, की सुतकाच्या घरी कोणी पुरणपोळी मागत नाही, तेव्हा न जाणे हाच धर्म. ऐकायला हे गोड आहे. पण २०१४ साली मंदिराची दारे उघडली, तेव्हा साऱ्या हंगामात अवघे ४० हजारांच्या आसपास यात्रेकरू आले. तिथली माणसे सहा महिन्यांच्या यात्रेवर बर्फाचे सहा महिने काढतात. पुराने घरचा कर्ता नेला आणि आपल्या न जाण्याने उरलेल्यांची भाकरी नेली! अहो, पुष्कळदा आपली भीतीच दयेचे नाव घेऊन घरी बसते.

बरे, नुसते जाणे ही तरी दया का? २०२३ साली केदारनाथास १९ लाखांहून अधिक माणसे गेली. ३१ जुलै २०२४ च्या रात्री पावसाने लिंचोली-भीमबलीची वाट पुन्हा तुटली आणि हजारो यात्रेकरूंना सोडवून आणावे लागले. आपण ऐन पावसाळ्यात हट्टाने जावे आणि तिथल्यांनी आपला जीव धोक्यात घालून आपल्याला वाचवावे, याला यात्रा कसे म्हणावे?

इथे मला नाथमहाराजांची कथा आठवते. काशीची गंगा कावडीत घेऊन ते रामेश्वरास निघाले. वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि कावड त्याच्या मुखी रिती केली. ही कथा आपण सगळेच सांगतो. पण त्यातली एक गोष्ट माझ्याही फार उशिरा ध्यानात आली. नाथ पैठणास बसून राहिले असते, तर ते गाढव मेलेच असते. आणि रामेश्वराकडे डोळे लावून तसेच पुढे गेले असते, तरीही मेलेच असते. निघणे हवे, आणि वाटेत थांबणेही हवे.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थाचे फळ कोणास मिळते ते सांगताना प्रतिग्रहापासून दूर राहणे हे एक लक्षण दिले आहे. प्रतिग्रह म्हणजे फुकटचे घेणे. पूरग्रस्तांसाठी मांडलेल्या पंगतीत आपण जेवायला बसलो, तर तो प्रतिग्रहच. ज्याचे घर वाहून गेले त्याच्याशी खेचराच्या भाड्यासाठी घासाघीस करून दहा रुपये वाचवले, तर तोही प्रतिग्रहच.

म्हणून बचावाचे काम चालू असेल तोवर जाऊ नये. ते जे मागतील तेवढेच पाठवावे. तिथली माणसे रस्ता बांधून 'या' म्हणाली, की जावे. पावसाळा टाळावा, नोंदणी करावी, थोडकी मंडळी न्यावी. त्यांच्याच घरी उतरावे, त्यांच्याच दुकानातून घ्यावे, मोल पूर्ण द्यावे. खेचरावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे घालू नये. आपला कचरा आपणच खाली आणावा. पडक्या घरांपुढे उभे राहून फोटो काढू नयेत.

आणि एक गोष्ट आम्हा कीर्तनकारांसाठी. 'देवाने परीक्षा पाहिली', 'पापाचे फळ मिळाले' असे नारदाच्या गादीवरून बोलणे सोपे असते. तेच वाक्य मुलगा गेलेल्या आईपुढे बोलून पाहावे. जीभ उचलणार नाही. आणि तिच्यापुढे जे बोलवत नाही, ते हजारांच्या सभेतही बोलू नये. ती बोलली तर ऐकावे, गप्प राहिली तर आपणही गप्प बसावे. तेवढ्या वेळापुरते तेच आपले नामस्मरण.

त्या माळकऱ्यास माझे उत्तर इतकेच: बाबा, जा. पण कावड भरून जा आणि रिती करून ये. तीर्थ म्हणजे ज्याच्या योगे तरून जावे ते. तिथली माणसे बुडत असताना आपण एकटेच तरलो, तर ते तरणे कसले?

रामकृष्णहरि.