मोजणी सावलीपासून



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने आपल्या मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. १ तारखेला आपण सर्व संतांचा सण साजरा केला, २ तारखेला सर्व मृत भाविकांसाठी मिस्सा अर्पण केली, दफनभूमीत मेणबत्त्या लावल्या. याच दिवसांत पाऊस सरतो, भातकापणी आटोपत येते आणि भिवंडीहून नाशिक रस्त्याने आसनगावकडे निघालेल्याला माहुलीचे सुळके रेखीव दिसू लागतात. निसर्गाचे फोटो काढणारे हौशी लोक या दिवसांची वाट पाहतात. त्यांच्यापैकी काही जण आजही कृष्णधवल फिल्म वापरतात. त्यांच्या कामातला एक साधा नियम आज आपण समजून घेऊ या, कारण तो आपल्या श्रद्धाजीवनालाही लागू पडतो.

एकेकाळी आपल्या घरांतले लग्नाचे आणि बाप्तिस्म्याचे फोटो अशाच फिल्मवर निघत. उटीच्या कारखान्यात तयार होणारी ‘इंदू’ फिल्म ज्येष्ठांना आठवत असेल. तो कारखाना आता बंद झाला आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. जिथे प्रकाश पडतो तिथे क्षारांत बदल होतो, पण डोळ्यांना काही दिसत नाही. पुढे अंधाऱ्या खोलीत रसायनाचा स्पर्श झाला की तेवढाच भाग काळा होतो आणि निगेटिव्ह तयार होते.

आता माहुलीसमोर उभ्या असलेल्या फोटोग्राफरची अडचण पाहा. एकीकडे उन्हात झळकणारा कडा आणि पांढरे ढग, दुसरीकडे सुळक्यांमधल्या काळोख्या घळी. प्रकाश मोजायचा तो कुठला? नवशिका उजळ कडा मोजतो, कारण डोळा तिकडेच जातो. जाणकार मात्र सांगतात, आधी घळ मोजा. घळीतून पुरेसा प्रकाश फिल्मवर आला नाही, तर निगेटिव्हचा तो भाग कोरा राहतो. मग फिल्म रसायनात कितीही वेळ ठेवली तरी उपयोग नाही. जे उमटलेच नाही ते दिसणार कसे? उजळ भागाचे तसे नाही. तो फार भडक होईल असे वाटले, तर रसायनातला वेळ कमी करून त्याला आवरता येते. म्हणून मोजणी सावलीपासून सुरू होते.

अमेरिकेतील थोर छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स (१९०२-१९८४) यांनी हा नियम शास्त्रशुद्ध रीतीने शिकवला. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्राची हकिकत मोठी बोलकी आहे. न्यू मेक्सिको राज्यातील हर्नांडेझ या खेड्याजवळून ते संध्याकाळी मोटारीने चालले होते. पूर्वेला चंद्र उगवला होता आणि मावळतीचे शेवटचे ऊन गावच्या छोट्या चर्चशेजारील दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर पडले होते. त्यांनी घाईने कॅमेरा लावला, पण प्रकाश मोजण्याचे यंत्र सापडेना. चंद्राचे तेज किती असते हे त्यांना ठाऊक होते, त्यावरून हिशेब करून त्यांनी एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. मोजणी चंद्रावरून झाल्यामुळे खालची जमीन निगेटिव्हमध्ये फिकी उतरली. १९४८ साली त्यांनी तो भाग रसायनाने अधिक ठळक करून घेतला. थोडे तरी उमटले होते, म्हणूनच ते वाढवता आले. या फोटोची तारीख त्यांना आठवत नव्हती. पुढे चंद्राच्या स्थितीवरून गणित मांडून ती १ नोव्हेंबर १९४१ अशी काढण्यात आली. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता!

संत ऑगस्टीन शिकवतात की, वाईट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे. सावलीही तशीच, प्रकाशाचा अभाव. पण घळीतली झाडे, झरे, खडक हा अभाव नव्हे. ते तिथे आहेतच, आपल्याला दिसत नाहीत इतकेच. माणसांच्या बाबतीत आपण हा भेद विसरतो. जो अंधारात उभा आहे, त्यालाच अंधार समजू लागतो. दारूच्या आहारी गेलेला तरुण, नवऱ्याने टाकलेली बहीण, कर्जात बुडालेले कुटुंब यांची नावे मागे पडतात आणि त्यांच्यावरची सावलीच त्यांची ओळख बनते.

प्रभू येशूची मोजणी कुठून सुरू होते? लूकलिखित शुभवर्तमानातील मेंढपाळ शंभर मेंढरांची गणती करतो, ती हरवलेल्या एका मेंढरापाशी येऊन थांबते. नव्व्याण्णव जागेवर आहेत म्हणून तो समाधान मानत नाही. क्रूसावर असतानाही प्रभूने शेजारच्या गुन्हेगारासाठी जागा ठेवली.

आपण आपल्या धर्मग्रामाची मोजणी कशावरून करतो? सणाला भरलेल्या मंदिरावरून, गायनवृंदावरून, जमलेल्या देणगीवरून? हे सारे चांगलेच आहे, त्यासाठी देवाचे आभार मानू या. पण यंत्रमागावरची रात्रपाळी करून रविवारी सकाळी झोपेला शरण जाणारा बांधव, गोदामाच्या फाटकावर पहारा करणारा परगावचा मुलगा, जिना उतरता येत नाही म्हणून कित्येक महिने मिस्सेला न आलेली आजी, यांच्यापर्यंत आपला उजेड पोहोचतो का? नंतर पाहू म्हणण्यात धोका आहे. हर्नांडेझच्या क्रूसांवरचे ऊन दुसऱ्या फोटोसाठी थांबले नव्हते.

म्हणून या महिन्यात दोन गोष्टी करू या. दफनभूमीत जाताना एक मेणबत्ती जास्त न्यावी आणि ज्या कबरीवर कुणी येत नाही तिथे लावून त्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी. तसेच प्रत्येक समूहाने आपल्या भागातील अशा एका घराचे दार ठोठवावे, जिथे बऱ्याच दिवसांत कुणी गेलेले नाही. उपदेश करायला नको; चहा घ्यावा, विचारपूस करावी, निघताना एकत्र ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणावे. थोडे जरी उमटले, तरी पवित्र आत्मा ते वाढवील.

जगाचा प्रकाश असलेला प्रभू येशू आपल्या मृतांना चिरशांती देवो आणि आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.