नागसेनाचा रथ आणि तीन नंबरची डिस्क

सन मायक्रोसिस्टिम्सचा स्पार्कस्टेशन आयपीएक्स १९९१ साली बाजारात आला. युनिक्सवर चालणारा, टेबलाच्या कोपऱ्यात मावणारा हा पेटीवजा संगणक आज संग्राहकांच्या आणि संग्रहालयांच्या हाती उरला आहे. त्यातली मूळ डिस्क कधी ना कधी दगा देते. आधी कुरकुरते, मग एक दिवस फिरायचीच थांबते. दुसरी डिस्क बसवून यंत्र पुन्हा सुरू केले, तर ते जुनेच यंत्र म्हणायचे की नवे?

याच जातीचा प्रश्न भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारला होता. मिलिंद म्हणजे इंडो-ग्रीक राजा मिनँडर, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला. पाली भाषेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात या दोघांचा संवाद आहे. मराठी माणसाला ही नावे परकी नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणूनच ओळखला जातो. राजा रथातून आला होता. नागसेनाने विचारले, दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. हे सगळे भाग मिळून रथ का, यालाही तो नाहीच म्हणाला. अखेर त्याने कबूल केले, की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात वापरले जाते, इतकेच.

बहुतेक वाचक या उत्तरातले ‘नाव’ तेवढे उचलतात आणि रथ ही निव्वळ कल्पना आहे असे समजून पुढे जातात. ‘आधाराने’ याकडे मात्र दुर्लक्ष होते. हा आधार किती काटेकोर असतो, ते जुन्या यंत्राला डिस्क शोधताना कळते.

आयपीएक्सच्या बोर्डवर स्कझी बसचा, म्हणजे डिस्क जोडण्याच्या सामाईक मार्गाचा, कंट्रोलर आहे आणि त्याची आतली केबल ५० पिनांची. नंतरच्या काळातल्या स्कझी डिस्क ६८ किंवा ८० पिनांच्या. अडॅप्टर मिळतो, पण जुना कंट्रोलर एका वेळी आठच बिट पाठवतो. डिस्कच्या उरलेल्या आठ डेटा लाइन अडॅप्टरवर नीट टर्मिनेट केलेल्या नसतील, तर डिस्क भलतेच वागू लागते. बसच्या दोन्ही टोकांनाही टर्मिनेटर हवाच. नाहीतर सिग्नल टोकाला आपटून मागे फिरतो आणि पाठोपाठ येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. हाय व्होल्टेज डिफरेन्शियल जातीची डिस्क या बसवर चुकूनही लावू नये, सर्किट जळू शकते. प्रत्येक उपकरणाला आपला नंबर असतो: कंट्रोलर स्वतः ७, आणि सनच्या रिवाजाप्रमाणे बूट डिस्क ३, सीडी-रॉम ६.

मोठी डिस्क घेतली म्हणून सगळे प्रश्न मिटत नाहीत. त्या पिढीतल्या अनेक बूट प्रॉमना, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या चिपांना, एक जीबीच्या पलीकडून बूट करता येत नाही. डिस्क वाचण्याची जुनी आज्ञा सहा बाइटची आहे आणि तिच्यात पत्त्यासाठी २१ बिट आहेत. त्यात २०,९७,१५२ ब्लॉक मोजता येतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले की बरोबर एक जीबी होतो. डिस्क ९ जीबीची असली, तरी रूट पार्टिशन या पहिल्या जीबीतच ठेवावे लागते.

नागसेनाने राजाकडून वदवून घेतलेल्या उत्तराचे वजन इथे जाणवते. भाग नुसते ढीग करून ठेवले तर रथ होत नाही, हे राजाने मान्य केलेच होते. एक भाग दुसऱ्याला जे मागतो ते त्याला मिळाले पाहिजे. हे देणेघेणे चालू असेतोवर डिस्क बदलली तरी यंत्र तेच राहते, असे मानायला जागा आहे.

न्याय-वैशेषिक दर्शनाच्या पंडितांना हे पटले नसते. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, हा अवयवांहून वेगळा, खराखुरा पदार्थ आहे. वस्त्रातला एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे, ‘खंडपट’, जन्माला येते. तर्क पक्का आहे, पण त्या हिशेबाने मेमरीची एक पट्टी काढली तरी संगणक नवा होतो. जपणुकीचे काम करणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही.

यंत्राच्या ओळखीचा आणखी एक धागा डिस्कमध्ये नसतोच. बोर्डवर ४८टी०२ ही छोटी चिप असते, तिच्या पोटातच बॅटरी. इथरनेटचा पत्ता आणि होस्टआयडी हा यंत्राचा ओळख क्रमांक तिच्यात राहतो. काही सॉफ्टवेअरचे परवाने याच होस्टआयडीला बांधलेले असत. बॅटरी संपली की यंत्र सुरू होते, पण आपण कोण हे त्याला सांगता येत नाही. मालक नवी चिप बसवतो आणि ‘ओके’ प्रॉम्प्टवर आकडे टाइप करून ओळख परत भरतो. जुना नंबर टिपलेला असेल तर तोच, नसेल तर दुसरा, नियमात बसणारा. नाव हा व्यवहार आहे हे खरे, पण हा व्यवहार मोडला की परवान्याचे सॉफ्टवेअर चालायला नकार देते.

पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवर विधीत असेच काही घडते. अधिक आषाढाच्या काही ठरावीक वर्षांत, अलीकडे १९९६ आणि २०१५ साली, कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवल्या गेल्या. दइतापती सेवक डोळ्यांवर पट्टी बांधून जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना कोइली वैकुंठात समाधी दिली जाते. देव बदलला असे भाविक म्हणत नाही. परंपरेने दोन गोष्टींची काळजी घेतली आहे: काय पुढे न्यायचे ते ठरलेले आहे, आणि मागे दुसरा जगन्नाथ उरत नाही.

डिस्कच्या बाबतीत ही दुसरी काळजी कोणी घेत नाही. नव्या डिस्कवर नकल झाली की मूळ डिस्क, थोडी धुगधुगी असेल तर, तशीच उरते. थॉमस हॉब्जने १६५५ साली, एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाबद्दल नेमका हाच पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या जोडून कोणी दुसरे जहाज उभे केले, तर खरे कोणते? आज एसडी कार्डवर चालणारी छोटी उपकरणे स्कझी डिस्कचे सोंग हुबेहूब वठवतात. क्यूईएमयूसारख्या, अख्ख्या संगणकाचे सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर केबल, टर्मिनेटर काहीच नसताना आख्खे स्पार्कस्टेशन ५ चालते. एसडी कार्डवाले उपकरण त्याच बसवर, त्याच नियमांनी बोलते, म्हणून ते या रथाचे चाक ठरते. क्यूईएमयूचा आधारच निराळा असल्यामुळे तो रथ दुसरा.

हॉब्जच्या पेचाला स्कझी बसकडे स्वतःचे उत्तर आहे. जुनी डिस्क आणि तिची नकल एकाच केबलवर ३ नंबरने लावल्या, तर दोघी एकाच वेळी उत्तर देऊ पाहतात आणि बस अडकते. जुनीतून राहिलेल्या फायली काढायच्या असतील, तर आधी तिचा जंपर बदलून तिला १ किंवा २ नंबर द्यावा लागतो.