परत आलेले बाळ आणि आईचे हृदय



दिव्य कुरआनच्या २८ व्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह अल-कससमध्ये, आदरणीय मूसा (अ.) यांच्या मातेचा वृत्तान्त आला आहे. फिरऔनच्या भयाने तिला आपले तान्हे मूल नदीच्या हवाली करावे लागले. मूल दृष्टीआड झाले आणि त्या मातेचे हृदय रिते झाले. अल्लाहने तिचे अंतःकरण दृढ केले नसते, तर तिने सारे गुपित उघड केले असते. तिने मुलीला भावाच्या मागावर पाठविले आणि ती बहीण दुरूनच त्याच्यावर लक्ष ठेवीत राहिली. शेवटी अल्लाहने ते मूल पुन्हा आईच्या कुशीत आणले, तिचे डोळे निवावेत आणि तिने शोक करू नये म्हणून.

नवजात अतिदक्षता कक्षाच्या दाराबाहेर ज्या मातांनी दिवस काढले आहेत, त्यांना या आयतींचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील घाटी रुग्णालयात केवळ शहरातूनच नव्हे, तर जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतूनही कुटुंबे येतात. कुणाचे बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असते, कुणाचे दीड किलोचे, कुणाचे श्वासाच्या त्रासाने निळे पडलेले. काही आठवड्यांनी डॉक्टर घरी नेण्यास सांगतात. नातेवाईक शुक्र अदा करतात, मिठाई वाटली जाते. आता सर्व काही सुरळीत झाले, असे सर्वांना वाटते. एका आईला मात्र तसे वाटत नाही.

रुग्णालयात बाळाच्या श्वासावर यंत्राचा पहारा होता, परिचारिका रात्रभर जाग्या होत्या. घरी ना यंत्र, ना परिचारिका. म्हणून आई रात्रीतून दहा वेळा उठते, बाळाच्या नाकाशी बोट धरते, छाती हलते आहे ना ते पाहते. घरातील मोठी माणसे म्हणतात, “एवढी भीती कशाची? अल्लाहवर भरवसा नाही का?”

बंधूंनो, हे बोलण्यापूर्वी कुरआनकडे पाहा. मूसा (अ.) यांच्या मातेला तर साक्षात वचन मिळाले होते की, मूल तिच्याकडे परत येईल. तरीही तिचे हृदय रिते झाले आणि त्यासाठी अल्लाहने तिला दोष दिला नाही, तर आधार दिला. मग जिच्याजवळ असे कोणतेही वचन नाही, त्या आजच्या मातेच्या भीतीला ईमानची उणीव म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पैगंबर मुहम्मद (स.) नमाज पढवीत असताना बाळाचे रडणे ऐकत, तेव्हा आईच्या जिवाची घालमेल जाणून ते नमाज थोडक्यात आटोपत. ज्या प्रेषितांनी आईच्या व्याकुळतेसाठी नमाज आखूड केली, त्यांच्या उम्मतने तिला टोमणे मारणे शोभत नाही.

दुसरी जखम दोषारोपाची. “दिवस गेलेले असताना जपली नाही,” “हिच्याच घराण्यात असे होते,” असे शब्द आपल्या घरांतून ऐकू येतात. सूरह अल-बकराची २३३ वी आयत दूध पाजण्याचे नियम सांगताना बजावते की, मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये, बापालाही दिला जाऊ नये आणि कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकू नये. जे बाळ अल्लाहने जगविले, त्याच्या आईला शब्दांनी घायाळ करणे हा त्या आज्ञेचा उघड भंग आहे.

आता तवक्कुलविषयी. पैगंबर (स.) यांची शिकवण प्रसिद्ध आहे: उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा. अशा नाजूक बाळाच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे काय?

पहिली गोष्ट आईचे दूध. मूसा (अ.) यांच्या मातेला पहिला आदेश मिळाला तो दूध पाजण्याचा, आणि मूल परतल्यावरही तिच्याकडे तेच काम आले. बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागते. ओढण्याची ताकद नसेल, तर दूध काढून, डॉक्टरांनी दाखविल्याप्रमाणे पाजावे. घुट्टी, मध, साखरेचे पाणी देऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध घातक ठरू शकतो. तहनीक ही सुन्नत आहे, फर्ज नाही. म्हणून अशा बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. इजा करू नये आणि इजा सोसूही नये, हे तत्त्व खुद्द पैगंबर (स.) यांनीच दिले आहे.

दुसरी गोष्ट ऊब. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातील बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा तेथील डॉक्टरांनी लहानग्यांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. हीच ‘कांगारू’ पद्धत आज जागतिक आरोग्य संघटना अशा सर्व बाळांसाठी सुचविते. तिला यंत्र लागत नाही. आई थकली असेल, तर वडिलांनी, दादी-नानीनेही बाळ छातीशी धरावे. पैगंबर (स.) यांनी आपली नात उमामा (र.) हिला नमाजमध्येही अंगावर घेतले होते. मग बाळ सांभाळण्याची लाज पुरुषाने का बाळगावी?

तिसरी गोष्ट पाहुणे. सूरह अन-नूर शिकविते की, परवानगीवाचून कोणाच्या घरात जाऊ नये आणि परत जाण्यास सांगितले, तर परत जावे, तेच अधिक पवित्र आहे. बाळ पाहायला आलेल्या खाला-फुफींनी हे मनावर घ्यावे. सर्दी-खोकला असेल तर येऊच नये, हात धुतल्याशिवाय बाळाला स्पर्श करू नये, मुके घेऊ नयेत. आजारी जनावरे निरोगी जनावरांत मिसळू नयेत, असा आदेश पैगंबर (स.) यांनी दिला, बाळाचा हक्क तर कितीतरी मोठा. लोबान-ओव्याची धुरी आणि घरातील बिडी-सिगारेट यांपासूनही या कोवळ्या फुप्फुसांना दूर ठेवावे. बाळाला झोपवावे ते पाठीवर.

चौथी गोष्ट तपासण्या. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे, फार लहान बाळांचा त्याहूनही आधी. वेळ टळली, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. कानांची तपासणीही करून घ्यावी. लस जन्मतारखेप्रमाणे द्यावी. बसणे-रांगणे मात्र ज्या तारखेला जन्म अपेक्षित होता, तेथून मोजावे. शेजारच्या मुलाशी तुलना करून आईला रडवू नये. आशाताई घरी येतात, त्यांना दार उघडावे. नवजाताची घरी जाऊन काळजी घेण्याचा हा मार्ग आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिद्ध करून दाखविला. बाळ दूध घेईनासे झाले, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग थंड वा तापलेले लागले, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर ताईत शोधत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. दुआ वाटेत करावी.

आणि आईकडेही पाहावे. आपल्या शहरातील बीबी का मकबरा ज्यांच्या कबरीवर उभा आहे, त्या दिलरास बानो बेगम १६५७ साली शहजादा अकबरच्या जन्मानंतर महिनाभरातच वारल्या. बादशाहाच्या घरातही बाळंतपणानंतरचे दिवस धोक्याचे होते. अतिरक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी यांकडे दुर्लक्ष करू नये. सतत रडू येणे, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे हेही आजाराचे लक्षण असते आणि त्यावर उपचार आहेत. निफासच्या काळात तिला नमाज माफ आहे. अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मध्यरात्री दूध पाजणारी आई जिक्र व दुआ करीत राहिली, तर तिची रात्र इबादतविना गेली असे कोण म्हणेल?

अकीक्याबद्दल अनेक जण विचारतात. सातवा दिवस रुग्णालयात गेला, म्हणून गुन्हा घडलेला नाही. तो नंतरही करता येतो. बाळ अशक्त असेल, तर डोके मुंडविण्याचीही घाई करू नये. बिलापायी कर्ज झालेले असताना दावतीसाठी आणखी कर्ज काढणे हा धर्म नव्हे. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार एक वर्षापर्यंत मोफत आहेत, हे शेजाऱ्याला सांगणे हीसुद्धा सेवा आहे. कर्जात बुडालेला माणूस जकातीच्या हक्कदारांत मोडतो. मोहल्ल्यातील सुखवस्तू लोकांनी असे घर शोधून काढावे, त्याने हात पसरण्याची वाट पाहू नये.

ज्यांचे बाळ घरी परतले नाही, त्यांना विसरू नका. पैगंबर (स.) यांचे पुत्र इब्राहीम तान्ह्या वयात वारले, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले आणि या अश्रूंना त्यांनी दयेची खूण म्हटले. त्या मातांसमोर आपल्या बाळाचे कौतुकही जपून करावे.

हे अल्लाह! ज्यांची लेकरे तू कुशीत परत दिलीस, त्यांचे डोळे निवव आणि त्यांच्या हृदयांना बळ दे. ज्यांची लेकरे तुझ्याकडे आहेत, त्यांना सब्र दे. आणि आम्हाला अशा घरांचे ओझे हलके करणारे बनव. आमीन.